सहा सारख्या भेंड्या : मे महिन्यातल्या फुला-भाज्यांच्या प्रदर्शनाची तयारी

आमच्या भागात फुलं, भाज्या आणि घरी भाजलेल्या पदार्थांचं प्रदर्शन मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतं. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४२-४३ वर, दुपारी बाराला रस्ते ओस, आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असतं. त्या थंडीत शेवंती, डेलिया, गुलाब आनंदानं फुलतात. आपल्याला भर उन्हात फुलणारं, उन्हातच तयार होणारं असं काहीतरी हातात घेऊन जायचं असतं, आणि ते सकाळी दहापर्यंत ताजं दिसायला हवं असतं.

मी नऊ वर्षं भाग घेते. जुळे सोलापुरात आमचं रो-हाऊस आहे, वर गच्ची, खाली दारात चार फुटांची मातीची पट्टी. गेली तीन वर्षं, ज्या गटात माझी एन्ट्री नसते तिथं परीक्षकांच्या शेजारी गुण लिहायला वही धरून उभी राहते. टेबलाच्या त्या बाजूनं पाहिलं की भाग घेणारे लोक कुठं चुकतात ते लख्ख दिसतं. यंदा शेजारची सून विचारायला आली, "काकू, मला पण नाव घालायचंय ओ, काय काय करावं लागतंय?" तिला दोन संध्याकाळी बसून जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते.

आधी नियमपत्रक, मग बी

फॉर्मसोबत नियमपत्रक मिळतं. पेन्सिल घेऊन बसा आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा. 'झिनिया, एका रंगाची, तीन दांड्या.' 'भेंडी, सहा नग.' 'लिंबू, पाच नग, देठासह.' 'नानकटाई, आठ नग.' यातला एक आकडा चुकला तर तुमची वस्तू कितीही देखणी असो, परीक्षक तिला हात लावत नाहीत.

माझ्या पहिल्या वर्षी मी झिनियाच्या तीन लालभडक दांड्या ठेवल्या होत्या. एका दांडीच्या बगलेत छोटी कळी होती, तिला नुकताच रंग दिसायला लागलेला. मला ती फार गोड वाटली म्हणून राहू दिली. परीक्षकांनी ती चौथं फूल म्हणून मोजली आणि माझ्या बाटलीजवळ 'नियमात बसत नाही' अशी चिठ्ठी लागली. टेबलावरची सर्वांत चांगली फुलं तीच होती, हे त्यांनीच मला नंतर हळहळून सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून बगलेतल्या कळ्या मी प्रदर्शनाच्या दहा-बारा दिवस आधीच नखानं काढते. जखम भरून येते आणि झाडाचा सगळा जोर वरच्या फुलाला मिळतो.

शंका असेल तर संयोजकांना आधीच विचारा. काकडी कोणत्या गटात, मिरचीला देठ हवा की नको, कुंडीचा व्यास कुठून मोजायचा, हे सगळं विचारण्यासारखंच आहे. कुंडीतल्या झाडांसाठी आमच्याकडे अट आहे की झाड किमान तीन महिने तुमच्या घरी वाढलेलं हवं. रोपवाटिकेतून आदल्या दिवशी उचलून आणलेलं अडेनियम लगेच ओळखू येतं. सोलापूरच्या जड पाण्यावर तीन महिने काढलेल्या कुंडीच्या काठाला क्षाराची पांढरी कड येते, नव्या कुंडीला ती नसते.

पहिल्या वर्षी तीन-चार गटांपेक्षा जास्त नावं घालू नका. मी दुसऱ्या वर्षी अकरा एन्ट्र्या भरल्या होत्या. आदल्या रात्री मी, यजमान आणि दोन्ही मुलं जागलो आणि सकाळी एकही वस्तू धड मांडून झाली नाही.

मोठं नको, सारखं हवं

नव्या माणसाला वाटतं, सर्वांत मोठी भाजी जिंकते. दोन वर्षांपूर्वी एकानं हातभर लांब दुधी आणला होता, लोक फोटो काढत होते. परीक्षकांनी त्याच्या सालीवर नुसतं नख टेकवलं. नख आत गेलं नाही. दुधी जून झाला होता, आत बी टणक. पहिलं बक्षीस गेलं शेजारच्या वीतभर कोवळ्या दुध्याला. त्याची लव जशीच्या तशी होती आणि देठ हिरवागार.

जिथं एकापेक्षा जास्त नग मागितलेत तिथं परीक्षक पहिल्यांदा सगळ्यांवरून एकदम नजर फिरवतात. त्या नजरेत एक जरी वेगळी दिसली, थोडी वाकडी, थोडी फिकी, बोटभर लांब, तरी गुण तिथंच जातात. पाच उत्तम आणि एक मध्यम यांपेक्षा सहा बऱ्यापैकी पण सारख्या वरचढ ठरतात. म्हणून सहा सारख्या भेंड्या हव्या असतील तर वीसेक झाडं लागतात. मी बावीस लावते. त्यातून शनिवारी संध्याकाळी पंधरा-सोळा भेंड्या निघतात, पट्टी ठेवून मोजते, आणि आठ निवडते. सहा ताटलीसाठी, दोन राखीव.

कालनिर्णय काढा आणि मागे मोजा

प्रदर्शनाच्या रविवारावर गोल करा आणि तिथून मागे मोजत या. मे महिन्यात ऐन भरात काय असेल, हे फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतं.

भेंडीला पेरल्यापासून पहिली तोडणी यायला ४५ ते ५० दिवस लागतात आणि चांगली, सरळ भेंडी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते. म्हणून मी ८ ते १० मार्चला पेरते. बी रात्रभर भिजवायचं. उमललेल्या फुलापासून पाच ते सात दिवसांत भेंडी तोडायला होते, आणि या उन्हात ती एका दिवसात जून होऊ शकते. शेवटच्या आठवड्यात दररोज तोडा. आज ठेवलेली भेंडी परवा चालेल, असं धरू नका. सोमवारी-मंगळवारी उमललेल्या फुलांच्या देठाला मी रंगीत दोरा बांधते. शनिवारी तोडायला ती सगळी एका वयाची होतात.

झिनियाला साठ दिवस धरा. मी दोन खेपा पेरते, १ मार्च आणि १२ मार्च. एक खेप उन्हानं चुकली तर दुसरी हाताशी राहते. रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडा, फांद्या फुटतात आणि दांड्या लांब मिळतात.

मोगऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची तयारी डिसेंबरअखेरीस होते. पाणी पंधरा दिवस तोडायचं, पानं काढून हलकी छाटणी करायची, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू. मार्चपासून कळ्या लागतात आणि एप्रिल-मे म्हणजे त्याचा बहरच. जो मोगरा सावलीत ठेवलाय त्याच्याकडून काही आशा करू नका. त्याला दिवसभर ऊन हवं.

बोगनवेल हे आपल्या गावचं झाड आहे असंच मला वाटतं. चार दिवसांआड पाणी येतं म्हणून तिची तक्रार नाही. उलट प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधी पाणी कमी करा, पानं किंचित मान टाकेपर्यंत थांबा, मग भरपूर पाणी द्या, असं दोन-तीनदा. ती रंगानं भरून येते. नियमपत्रकात 'फुलं' म्हटलेलं असलं तरी तो रंग पाकळ्यांचा नसतो, तो रंगीत पानांचा. खरं फूल आतलं, बारीक, पांढरट. परीक्षक ती आतली फुलं ताजी आहेत का ते बघतात. बोगनवेल पुरेशी कोवळी आहे की उतरणीला लागली, ते त्यावरून कळतं.

मोठ्या फुलाच्या गुलाबाचा मेमध्ये नाद करू नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हलकी छाटणी केली तर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फूल येतं खरं, पण या उन्हात ते लहान होतं, दुपारपर्यंत कडा करपतात. देशी गुलाबाचा गट असेल तर त्यात नाव घाला. टोमॅटोचंही तेच. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गरम, अशा हवेत फूल गळतं, फळ धरत नाही. गच्चीवरचं ढोबळी मिरचीचं झाडही असंच रिकामं उभं राहतं. त्यापेक्षा भेंडी, गवार, दोडका, कारली, काकडी, दुधी यांच्यातलं निवडा. दोडका आणि दुधी यांची फुलं संध्याकाळी उमलतात आणि गच्चीवर त्या वेळी कीटक कमी येतात. सूर्य मावळल्यावर नर फूल तोडून मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. मादी फुलाच्या मागं बोटाएवढं फळ आधीपासून दिसतं, चुकायचं कारण नाही. पडवळ लावलं असेल तर कोवळं असताना टोकाला छोटा दगड बांधून लोंबू द्या, सरळ वाढतं. माझी आजी असंच करायची.

पाणी, माती, सावली

काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत वाळली की तिला भेगा पडतात, कडेकडेनं पाणी निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग नारळाचा भुसा, एवढं मिसळलं तरी फरक पडतो. आपल्या मातीत आणि पाण्यात चुना भरपूर. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाहीये. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, मिळतं. पुडीवरच्या प्रमाणानं संध्याकाळी फवारा, दुपारी कधीच नाही.

मातीवर आच्छादन हवंच. बाहेरचे लोक पाचट घालतात, तेही चांगलं. माझ्याकडे शेंगांची टरफलं असतात. घरी चटणीसाठी वर्षभर शेंगा फोडायच्या असतात, टरफलाचं पोतं कधी संपत नाही. दोन बोटं जाड थर दिला की सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं. मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाजूला पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. डोक्यावर नको, फक्त दुपारनंतरचं तिरपं ऊन अडलं पाहिजे.

पाणी सकाळी सातच्या आत. गच्चीवरच्या पाइपात रात्रीचं राहिलेलं पाणी सकाळी बरं असतं, पण संध्याकाळी पाचला तो नळ उघडला तर पहिलं बादलीभर पाणी हाताला चटका देतं. ते बादलीत धरून निवू द्या, थेट मुळांवर सोडू नका. उजनीतून शंभरेक किलोमीटर आलेलं ते पाणी फेकायचंही नाही.

तोडणी आणि ती एक रात्र

निम्मं यश इथं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

झिनिया तोडायच्या आधी फुलाखाली वीतभर अंतरावर दांडी धरून हलवा. दांडी ताठ राहिली तर फूल तयार. मान लवलवली तर अजून दोन दिवस थांबा, तोडलं तर ते पाण्यातही मान टाकणार. तोडणी शनिवारी सूर्य मावळल्यावर किंवा रविवारी पहाटे. बादली घासून स्वच्छ केलेली, पाणी माठातलं. दांडीचं टोक तिरकं कापायचं, पाण्यात बुडणारी सगळी पानं काढायची आणि फुलाच्या मानेपर्यंत दांडी पाण्यात ठेवायची. साखर, लिंबू, गोळ्या असे उपाय लोक सांगतात. मी दोन वर्षं करून पाहिले आणि सोडले. एका रात्रीसाठी स्वच्छ बादली आणि स्वच्छ पाणी पुरतं.

बादली कूलर असलेल्या खोलीत ठेवा, पण कूलरच्या झोतात नाही. आपली हवा इतकी कोरडी की कूलरचा ओलावा फुलांना मानवतो, झोत मात्र पाकळ्या वाळवतो. आणि एक गोष्ट आमच्याकडे सगळेच विसरतात. मे महिना म्हणजे घरात आंब्याची आढी. पिकणाऱ्या आंब्यातून जो वायू निघतो त्यानं फुलं लवकर कोमेजतात. एका वर्षी माझी सगळी फुलं आढीच्या खोलीत ठेवली होती, सकाळी अर्ध्या पाकळ्या गळालेल्या. फुलं एका खोलीत, आंबे दुसऱ्या खोलीत. फ्रिजमध्येसुद्धा फळांच्या शेजारी फुलं नकोत.

गजऱ्यासाठी मोगऱ्याच्या कळ्या शनिवारी उन्हं कलल्यावर तोडा, टपोऱ्या आणि पांढऱ्या झालेल्या, पण न उमललेल्या. ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून डब्यात, डबा फ्रिजमध्ये. मी गजरा पहाटे गुंफते आणि साडेसातला बाहेर काढून ठेवते, म्हणजे परीक्षक येईपर्यंत कळ्या उमलायला लागतात. जास्वंदाची मात्र काळजी नको. ते सकाळी उमललं की दिवसभर पाण्याशिवायही टिकतं, पहाटे तोडून थेट ताटलीत.

भेंडी फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्यानं काळे ठिपके पडतात. ओल्या फडक्यात, माठाशेजारी. तोडताना कात्रीनं अर्धा बोट देठ ठेवून कापा, ओढू नका. धुऊ नका. धूळ असेल तर मऊ ब्रशनं झटका. माझं माहेर नान्नजचं, द्राक्षाचं गाव. लहानपणी वडील म्हणायचे, घड देठाला धर, मण्याला बोट लावू नकोस. द्राक्षावरचा तो पांढरट थर पुसला गेला की घड जुना दिसतो, गिऱ्हाईक पाठ फिरवतं. काकडी, वांगी, दुधी, सगळ्यांच्या अंगावर अशी काहीतरी लव किंवा चकाकी असते. तेल लावून चमकवलेलं वांगं परीक्षकांना दुरून कळतं आणि ते गुण कापतात. वांग्याची चमक झाडावरच पाहून घ्यायची. ती मंद झाली म्हणजे वांगं जून होत आलं.

डाळिंबाच्या गटात आपल्या जिल्ह्यात चुरस असणारच. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मे महिन्यात येतं ते हस्त बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याअखेरीस धरलेल्या बहाराच्या, शेवटाचं फळ. त्याचा मुकुट शाबूत हवा, एकही पाकळी मोडलेली नको. प्रत्येक फळ वेगळ्या मऊ कागदात बांधा, कारण मुकुट शेजारच्या फळाच्या सालीवर ओरखडा काढतो. शेतीवाल्या नातेवाइकांनी पाठवलेलं फळ आपल्या नावानं ठेवायचं नाही, हे सांगायला लागू नये. माझा भाऊ त्याचं डाळिंब त्याच्या नावानं घेऊन येतो.

भाजलेले पदार्थ

या टेबलावर उन्हाळा सर्वांत जास्त नुकसान करतो. तूप पातळ, लोणी वितळलेलं, यीस्ट अर्ध्या तासात उतू जाणारं. सगळं काम पहाटे पाचला करा. हवाही गार असते आणि विजेचा दाबही बरा असतो.

नानकटाईसाठी माझं प्रमाण असं. दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी साजूक तूप, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. तूप आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दाबल्यावर बोट उमटेल इतकंच मऊ होऊ द्यायचं. बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून तूप-साखर हातानं फेसा, पांढरं आणि हलकं होईपर्यंत, दहा मिनिटं तरी. मग बाकीचं मिसळा, मळू नका, नुसतं गोळा करा. पीठ कोरडं वाटलं तर चमचाभर तूप. गोळे वजन करून करा, प्रत्येकी २५ ग्रॅम. नजरेच्या अंदाजानं आठ सारखे गोळे होत नाहीत, मी पुष्कळ वर्षं करून पाहिलं. ताटासकट अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. वरून भेगा पडलेल्या, खालून फिकट सोनेरी. परीक्षक नानकटाई पहिल्यांदा उलटी करून तळ बघतात. तळ तपकिरी झाला की गुण गेले. ओव्हन जुना असेल तर आत ठेवायचा तापमापक घ्या. माझ्या ओव्हनच्या बटणावर १६० असतं तेव्हा आत १८० असतात, हे मला चार वर्षांनी कळलं.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. एका वर्षी कोमट नानकटाई डब्यात भरून रिक्षानं नेली, वाफेनं आणि धक्क्यांनी पोहोचेपर्यंत आठांची ढेप झाली होती. आता प्रत्येक थरामध्ये लोणीकागद आणि डबा मांडीवर.

केकचं थोडक्यात सांगते. मधे फुगून फुटला तर ओव्हन जास्त तापला होता. मधे खचला तर कच्चा राहिला, किंवा दार लवकर उघडलं. कापल्यावर बोगदे दिसले तर पीठ जास्त घोटलं. गार करताना जाळीवर पातळ सुती फडकं घाला, नाहीतर तळावर जाळीचे वळ उठतात आणि ते परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाहीत. पाव करायचा असेल तर पाणी बर्फाचं, यीस्ट नेहमीच्या निम्मं, आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्या. बाहेरच्या उष्म्यात भरभर फुगलेला पाव आंबूस लागतो आणि त्याची जाळी भसाडी येते.

आणि कडक भाकरी. आमच्या प्रदर्शनात तिचा वेगळा गट आहे आणि मला सर्वांत जास्त जीव लावावासा वाटतो तो हाच. हे हात मला सासूबाईंनी दिले. ज्वारी मालदांडी, पीठ आदल्या दिवशी दळलेलं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी कडेला फाटते, मग कितीही थापा. उकळीचं पाणी घालून मळा, तळव्यानं दाबून दाबून, पीठ लोण्यासारखं होईपर्यंत. चवीला मीठ, वरून तीळ. थापताना मध्यभाग जाड राहतो, तिथं बोटांच्या टोकांनी हलका हात द्या. तव्यावर पाणी लावून उलटली की आंच मंद करा आणि घडी केलेल्या फडक्यानं गोल फिरवत दाबत राहा, फुगू देऊ नका. दोन्ही बाजूंनी ओलावा पूर्ण निघेपर्यंत. एका भाकरीला दहा-बारा मिनिटं जातात, घाई केली की मधे चिवट राहते. गार होताना सपाट जाळीवर ठेवा, नाहीतर कडा वळतात. मे महिन्याची कोरडी हवा इथं आपल्या बाजूची असते, भाकरी जराही नरमत नाही. परीक्षक एक भाकरी कानाजवळ नेऊन मोडतात, टक्कन आवाज यायला हवा. पाच मागितल्या असतील तर बारा करा. वाटेत मोडतातच.

शेंगाचटणीचा गट असेल तर मिक्सर विसरा. उखळात कुटलेल्या चटणीला जे तेल सुटतं आणि जी भरड राहते ती मिक्सरला येत नाही, आणि आपले परीक्षक सोलापूरचे आहेत. बरणी काचेची, तोंडापर्यंत भरलेली, बाहेरून पुसलेली, नाव-तारखेची चिठ्ठी सरळ लावलेली.

रविवारची सकाळ

मांडणी सात ते नऊ, परीक्षण दहाला. मी साडेसहाला निघते. फुलांसाठी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लॅस्टिकचं कॅरेट. प्रत्येक खणात पाण्याची बाटली, बाटलीत एक दांडी, फुलं एकमेकांना घासत नाहीत. रिक्षाच्या दोन्ही बाजूंना ओलं बारदान बांधायला सांगा. रिक्षावाले नेहमी ऐकतात, गरम वारा त्यांनाही नको असतो. पिशवीत कात्री, मऊ ब्रश, ओले वर्तमानपत्र, सुई-दोरा, पेन, आणि प्रत्येक वस्तूचे दोन राखीव नग.

हॉलमध्ये गेल्यावर पहिल्यांदा वर बघा. पंख्याच्या थेट खालची जागा फुलांना नको. निवडायला मिळत नसेल तर बाटली टेबलाच्या दूरच्या कडेला सरकवून ठेवायची परवानगी मागा. दांडी बाटलीत वाकडी पडत असेल तर तोंडाशी ओल्या वर्तमानपत्राचा बोळा ठासा. तिन्ही फुलं समोर बघणारी, मागचं किंचित उंच. भेंड्या पांढऱ्या ताटलीत एका ओळीत, देठ एका बाजूला, टोकं दुसऱ्या बाजूला. शोभेला कोथिंबीर, काकडीचे काप वगैरे काही नको. प्रवेश क्रमांकाची चिठ्ठी नियमपत्रकाशी एकदा ताडून पाहा, नगांची संख्या मोठ्यानं मोजा, मग टेबलापासून दूर व्हा. शेवटच्या पाच मिनिटांत हात लावलेली वस्तू मोडते.

परीक्षण संपल्यावर, बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांना गाठून विचारा की गुण कुठं गेले. बहुतेक जण मनापासून सांगतात. मला 'तळ बघा' हे असंच एका बाईंनी सांगितलं होतं. ऐकलेलं त्याच दिवशी वहीत लिहा. माझ्या वहीत दरवर्षीचं एक पान आहे. पेरणीची तारीख, पहिल्या फुलाची तारीख, त्या आठवड्याचं तापमान, कोणत्या गटात किती स्पर्धक, आणि परीक्षकांचं वाक्य जसंच्या तसं.

संध्याकाळी पाचला ताटल्या परत मिळतात. भेंडीची त्याच रात्री भाजी होते. पण गच्चीवर दोन सरळ, निरोगी झाडांवरच्या दोन-दोन भेंड्या मी मुद्दाम तोडत नाही. त्या झाडावरच वाळू देते, शेंग तडकायला लागली की काढते. माझ्याकडे परभणी क्रांती आहे, सरळ वाणाची, म्हणून बी पुढच्या वर्षी तसंच येतं. संकरित बियाण्याचं ठेवू नका, त्याची रोपं एकसारखी निघत नाहीत. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, झाकणाच्या बाटलीत. बाटलीवर तारीख आणि 'प्रदर्शनाची' एवढंच लिहिते. शेजारच्या सुनेला यंदाच्या बाटलीतल्या चाळीस बिया मोजून दिल्यात, तिच्या गच्चीला बावीस झाडं झेपतील, उरलेल्या मर-तुटीला.